आधी गवत, मग दूध

गोंदियाहून बालाघाटला निघाले की रजेगावजवळ बाघ नदी लागते. नदीच्या अलीकडे तलाठी आणि सातबारा, पलीकडे पटवारी आणि खसरा. गुरांना यातले काही ठाऊक नसते. दोन्ही काठांवर त्याच धानाच्या बांध्या, तेच तणसाचे ढीग, तीच पोवारी बोली, आणि दिवाळीच्या पाडव्याला दोन्हीकडे गोवारी मंडळी गायगोधन खेळवतात. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा जुळवला गेला तो भंडारा, शिवणी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडूनच. त्यामुळे तिथल्या गाई-म्हशींचा प्रश्न हा मध्य प्रदेशाचा म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही. पूर्व विदर्भाच्या आपल्या झाडीपट्टीचाच तो प्रश्न आहे, फक्त नदीपलीकडून विचारलेला.

प्रश्न असा : या जिल्ह्यात सेंद्रिय दूध होऊ शकते का, ते चराईवर होऊ शकते का, आणि झाले तर त्याची मालकी दूध काढणाऱ्याच्या हाती राहील का? तिन्ही गोष्टी एका दमात बोलल्या जातात. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेली आहेत.

पहिले उत्तर तर गावात लगेच मिळते. ‘आमचं दूध सेंद्रियच आहे, आम्ही कुठं काय घालतो?’ हे सगळे खोटे नाही. बैहर, परसवाडा, बिरसा या डोंगराळ तहसिलींत गुरे जंगलात चरतात, रात्री कोठ्यात येतात, आणि त्यांच्या पोटात तयार पशुखाद्य फारसे जात नाही. पण मैदानात, म्हणजे वारासिवनी, लालबर्रा, कटंगीच्या बाजूला, दूध विकायचे म्हटले की ढेप आली. ढेप म्हणजे आपल्याकडे सरकीची. भारतात बीटी कापसाला मंजुरी मिळाली २००२ मध्ये, आणि आज देशातल्या कापसाच्या शेतातले ९० टक्क्यांहून जास्त बियाणे बीटी आहे. सेंद्रिय मानकांत जनुकबदल केलेले खाद्य चालत नाही. म्हणजे विदर्भातल्या जिनिंगमधून निघालेल्या सरकीची, सगळ्या गवळ्यांच्या भरवशाची ढेप गव्हाणीत पडली, की त्या क्षणी ‘सेंद्रिय’ हा शब्द कागदावरून पुसला जातो. ही गोष्ट सेंद्रिय दुधाच्या भाषणांत मी तरी क्वचितच ऐकली आहे. मग पर्याय काय? जवसाची ढेप, धानाचा कोंडा, उताऱ्यावर पेरलेल्या लाखोळीचे आणि उडदाचे कुटार. हे सगळे बालाघाटात आहे. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकायची, ही या मुलखाची जुनी चाल. तिला ना नांगर लागतो ना खत. पण कोंडा राइस मिलवाल्याच्या हाती असतो आणि तणसावर कीटकनाशकाचे फवारे झालेले असतात. धान सेंद्रिय असल्याशिवाय तणस सेंद्रिय नाही, आणि तणस सेंद्रिय नसेल तर गाय नाही.

इथे बालाघाटची एक जमेची बाजू आहे. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिन्नोर सुवासिक, उंच वाढणारा, रासायनिक खताची फारशी हाव नसलेला. ज्या शेतकऱ्याला चिन्नोरचा भाव हवा त्याला शेणखत लागते, आणि शेणखत हवे तर गुरे लागतात. धानपट्ट्यात गाय दुधासाठी कमी आणि शेणासाठी व बैलासाठी जास्त पाळली गेली, हे पशुसंवर्धन खात्याला पटायला बराच वेळ लागला. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय यादीत ‘कठाणी’ या गोवंशाची नोंद जाहीर झाली. गडचिरोलीतल्या कठाणी नदीवरून नाव पडलेला हा वंश पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातला : लहान चणीचा, चिखलात न थकणारा, आणि दुधाला अगदी बेताचा. तोवर खात्याच्या कागदात तो नुसता ‘गावठी’ होता.

दुसरा वंश गवळाऊ. वर्धा, नागपूर, शिवणी, छिंदवाडा आणि बालाघाट ही त्याची भूमी. पांढरा ते राखाडी रंग, लांबट अरुंद तोंड, पायाला चपळ. मराठ्यांच्या फौजेचे सामान भराभर ओढता यावे म्हणून तो जोपासला गेला, असे सांगितले जाते. दुधाचे म्हणाल तर एका वेताला सरासरी ६०० लिटरच्या आसपास, म्हणजे रोजचे दोन-सव्वादोन लिटर, आणि त्यातच वासराचा वाटा. संकरित गाय सहज याच्या चौपट देते. हे आकडे नीट समोर ठेवल्याशिवाय देशी गाईच्या दुधावर बोलू नये. देशी गाईच्या दुधातल्या ‘ए-टू’ प्रथिनाचा मंत्र म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने दूध विकणाऱ्यांचा काळ मध्यंतरी फारच जोरात होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावरचे असे दावे काढून टाका म्हणून आदेश दिला आणि आठवडा उलटायच्या आत तो मागेही घेतला. शास्त्र ठरेल तेव्हा ठरो. रोज दोन लिटर देणाऱ्या गाईचा संसार पाकिटावरच्या अक्षरांवर चालत नाही, एवढे खरे.

तो चालतो फुकटच्या चाऱ्यावर. गवळाऊ किंवा कठाणी परवडते ती केवळ ती चरते म्हणून. ढेप विकत आणून तिला बांधून खायला घातले, तर ती महिन्याभरात घरावर ओझे होते. संकरित गाईचे गणित उलटे आहे : तिला हिरवा चारा कापून आणून द्यावा लागतो, खुराक द्यावा लागतो, ती उन्हात दिवसभर फिरू शकत नाही, पण दूध देऊन सगळे वसूल करते. म्हणून ‘सेंद्रिय’, ‘चराई’ आणि ‘देशी’ हे तीन शब्द या मुलखात एकमेकांत गुंतलेले आहेत. चराई गेली की उरलेले दोन आपोआप जातात.

आणि चराई जाते आहे. खरे म्हणजे बरीचशी गेलीच.

जुन्या मध्य प्रांतात गावाचा ‘निस्तार’ होता. जळण, बांधकामाचे लाकूड, गवत, गुरांचे पाणी, स्मशान या सगळ्यासाठी गावाने वापरायची जमीन आणि त्या वापराचा हक्क, असा त्याचा अर्थ. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत हे निस्तारपत्रक अजून आहे आणि कलेक्टरने चराईसाठी पडीक जमीन राखून ठेवायची तरतूदही आहे. तिकडे या जमिनीला चरनोई म्हणतात, आपल्याकडे गायरान. फक्त राखायचे किमान प्रमाण उतरत उतरत गावच्या शेतजमिनीच्या २ टक्क्यांवर आले. दिग्विजय सिंह यांच्या कारकिर्दीत ते खाली आणले गेले आणि मोकळी झालेली जमीन दलित-आदिवासी भूमिहीनांना वाटायचे ठरले. या निर्णयावर सरसकट टीका करणे मला जमत नाही. ज्याच्याकडे टीचभर जमीन नाही, त्याला गायरान दाखवून ‘इथे गाय चारायची आहे, तू बाजूला हो’ असे कोण सांगणार? पण जिथे वाटप झाले तिथे ज्याला एकर-दोन एकर मिळाले त्याचीच शेळी आणि त्याचीच गाय दुसऱ्या दिवशी चरायला जागा शोधू लागली, हेही तितकेच खरे. आणि वाटपापेक्षा जास्त गिळले ते अतिक्रमणाने. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांनी योजना करावी असा आदेश दिला. निकाल झाला, गायराने जिथे होती तिथेच, म्हणजे कुणाच्या तरी कुंपणात राहिली.

गायरान संपले तरी जंगल आहे, असे बालाघाटबद्दल म्हणता येते, कारण निम्म्याहून जास्त जिल्हा वनाखाली आहे. बैहरच्या पठारावर खालच्या मैदानातली गुरे चराईला नेण्याची रीत जुनी आहे. पण जंगल कुणाचे, हा वादही तितकाच जुना. १९३० चा जंगल सत्याग्रह मिठाचा नव्हता, गवताचा होता. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. ९ ऑक्टोबरला बालाघाटला लागून असलेल्या शिवणी जिल्ह्यातल्या टुरिया गावी गवत कापायला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि चौघे मेले, त्यांत तीन बाया होत्या. दांडीचे नाव शाळकरी पोरालाही पाठ असते. टुरिया मात्र आज पेंचच्या सफारीचे फाटक म्हणून ओळखले जाते, आणि त्या फाटकातून आत जाणाऱ्या किती जणांना इथे विळ्याने गवत कापल्याबद्दल माणसे मेली हे ठाऊक असेल?

कान्हाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. बालाघाट आणि मंडला या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, व्याघ्र प्रकल्प १९७३ चा. तिथली बारशिंगे पाहून पर्यटक ज्या मैदानांवर हरखतात, त्यांतली कित्येक मैदाने म्हणजे उठवलेल्या गोंड-बैगा गावांची जुनी शेते. सौंफचे मैदान हे त्याचे ठळक उदाहरण. गाव गेले, नांगर थांबला, आणि तिथे उत्तम गवत माजले. या गवतानेच बारशिंगा वाचला, हेही नाकारता येणार नाही. मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. राखले, जाळपोळीवर आणि चराईवर ताबा ठेवला, तर या मातीत काही वर्षांत मारवेल आणि शेडा परत येतात. उद्यानाबाहेरच्या जंगलात मात्र घाणेरी, रानतुळस आणि तरोटा यांनी जमीन व्यापली आहे, कारण तिथे राखणारा कुणीच नाही. फक्त चारणारे आणि अडवणारे आहेत. वर्ध्याकडच्या नंद गवळ्यांनाही हेच भोगावे लागले. बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ राखणाऱ्यांचे चराईचे रान आक्रसले. वंश वाचवण्याच्या योजना एका खात्याच्या, रान बंद करण्याचे आदेश दुसऱ्या खात्याचे.

आता सहकाराकडे येऊ. त्याची कहाणी आपल्याकडे आणंदपासून सुरू करतात : १९४६, खेडा जिल्हा, त्रिभुवनदास पटेल, मग कुरियन. महाराष्ट्रात गोकुळ १९६३ चा. पण झाडीपट्टीच्या दृष्टीने जास्त जवळचे उदाहरण वर्ध्याचे आहे आणि ते आपण विसरलो. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात सगळे सोडून गोसेवेचे काम घेतले, गोपुरीत झोपडीत राहायला गेले आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला वारले. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये सामूहिक गोपालनाची बाजू मांडली. एकेका घराने एकेक गाय पाळणे आता शेतकऱ्याला झेपत नाही. गुरे, गोठा, चराई आणि वळू गावाने मिळून सांभाळावे, असा त्या मांडणीचा रोख होता. वर्ध्याचे गोरस भांडार हे त्याच वातावरणातले. आसपासच्या खेड्यांतले गाईचे दूध तिथे येते, आणि गोरसपाक हे बिस्कीट वर्ध्याहून नेल्याशिवाय पाहुणा परत जात नाही. गंमत अशी की गांधीजींनी स्वतः १९१२ मध्येच गाई-म्हशीचे दूध सोडले होते.

आणंदच्या पद्धतीने दूध एकत्र केले. गांधीजी म्हणत होते की गाय आणि गवत एकत्र करा. पुढची सगळी धोरणे आणंदच्या बाजूने गेली, आणि जिथे पाणी, नगदी पीक आणि म्हैस होती तिथे ती यशस्वीही झाली. विदर्भ आणि महाकोशलात ती तशी रुजली नाहीत. कारण नेहमी आळस, राजकारण, नेतृत्व यांत शोधले जाते. माझ्या मते मोठे कारण साधे आहे : दर घरी दोन लिटर दूध, घरे विखुरलेली, पावसात नाले भरलेले. दूध गोळा करणाऱ्या गाडीचा दर लिटरमागचा खर्चच इतका येतो की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. संघ बंद पडतो, खासगी गवळी खव्याची भट्टी पेटवून बसतो, आणि गावकरी त्याला दूध घालतात. त्यात गावाचा मूर्खपणा नाही.

सध्या सरकारी हालचाल मोठी आहे. देशात २०२३-२४ मध्ये सुमारे २३९ दशलक्ष टन दूध झाले. त्यात मध्य प्रदेशचा वाटा ९ टक्क्यांच्या जवळ, महाराष्ट्राचा पावणेसातच्या जवळ. मध्य प्रदेश सरकारने हा वाटा २० टक्क्यांवर न्यायचे जाहीर केले आहे. १३ एप्रिल २०२५ ला भोपाळमध्ये राज्याच्या दूध महासंघाने, म्हणजे ‘सांची’ने, आणि त्याच्या संघांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी पाच वर्षांचा करार केला, आपल्या ‘महानंद’चा कारभारही २०२४ मध्ये त्याच मंडळाकडे गेला. सेंद्रिय मालासाठी २०२३ पासून वेगळी राष्ट्रीय सहकारी संस्था आहे, ‘भारत ऑरगॅनिक्स’ हे तिचे नाव बाजारात दिसते. मंडळाला दूध चालवता येते यात शंका नाही. पण तिथे मोजमाप लिटरचे आहे, आणि लिटरच वाढवायचे तर उत्तर संकरित गाय आणि ढेप हेच निघणार. बैहरची चरणारी गाय त्या हिशेबात बसत नाही.

बाहेर कुणी हे जमवले आहे का? डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये हेडिंग गावी पहिली सहकारी डेअरी काढली. आज तिथे वसंतात सेंद्रिय गाई कुरणात सोडण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि गोठ्याचे दार उघडताच थोराड गाई वासरांसारख्या उड्या मारतात ते बघायला शहरातून हजारो माणसे येतात. आपल्या गायगोधनाची आठवण व्हावी असा तो सोहळा आहे. तिथे फक्त सोडायला कुरण आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये विस्कॉन्सिनच्या ला फार्ज गावात काही शेतकरी कुटुंबांनी ‘ऑरगॅनिक व्हॅली’ ही संस्था काढली. तिथला २०१० चा नियम मला फार आवडतो : सेंद्रिय म्हणवायचे तर गाय वर्षातून किमान १२० दिवस चरली पाहिजे, आणि चराईच्या काळात तिच्या खाण्यातला कोरड्या वजनाने किमान ३० टक्के भाग कुरणातला हवा. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने ईशान्य अमेरिकेतल्या ८९ सेंद्रिय दूध उत्पादकांना करार संपवत असल्याचे कळवले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना या शेतकऱ्यांच्याच संस्थेने सामावून घेतले. मालकी कुणाची याने काय फरक पडतो, ते अशा वेळी कळते. तरी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. तिकडची कुरणे खासगी मालकीची आहेत आणि तिकडचे गोऱ्हे खाटकाकडे जातात. आपल्याकडे दोन्ही नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम उरले नाही, गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, आणि मोकाट गुरे रात्री धानात शिरतात. गोऱ्ह्याचे काय करायचे याचे उत्तर नसलेली कोणतीही देशी गाईची योजना अर्धवट समजावी. चिखलणीला बैल, शेणखताला बाजार, आणि निवडक रेतनाने कालवडीच जास्त व्हाव्यात असा प्रयत्न, एवढेच आज हाताशी आहे. ते पुरेसे नाही.

मग काय करावे? मला वाटते, डोंगराळ बालाघाटात पातळ दुधाचा हट्ट सोडावा. तूप करावे. तुपाला बल्क कूलर लागत नाही, नाला भरला म्हणून ते नासत नाही, आणि हिरव्या रानात चरलेल्या गाईच्या तुपाचा पिवळा रंग गवतातल्या कॅरोटीनचा असतो. तो पाकिटावर लिहावा लागत नाही. पंचवीस-तीस लिटरमागे किलोभर तूप धरले तर गावाची बेरीज सुटसुटीत होते. प्रमाणपत्राचेही तितके भय नको. सरकारची सहभागी हमी पद्धत किमान पाच शेतकऱ्यांच्या गटालाही खुली आहे, आणि छोट्या उत्पादकाने थेट ग्राहकाला विकले तर प्रमाणपत्राची सक्तीही नाही. सचोटी मात्र हवी : आजारी गाईला प्रतिजैविक दिले तर दिले म्हणून लिहायचे आणि ते दूध ठरलेले दिवस बाजूला काढायचे. बुरशी लागलेला चारा हे तर सेंद्रियालाही न सुटणारे दुखणे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर ६,४३२ नमुने तपासले, त्यांत भेसळीचे अवघे १२ निघाले. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर होते. पावसात भिजलेले तणस गाईपुढे टाकणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

पण तूप आणि प्रमाणपत्र ही पुढची पावले. आधी गवताची संस्था लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे, आणि गावाला आपले सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा अधिकारही दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये हा हक्क मिळवून दाखवला, तो मुख्यतः बांबूसाठी. तसाच दावा गवतासाठी का नको? रानाचे चार भाग करावे, एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा, घाणेरी उपटून काढावी, बी पडल्यावर गवत कापून घ्यावे, ढोरक्याला गावाने मिळून पगार द्यावा. ढोरकी, गायकी, गोवारी ज्याला म्हणतो त्या माणसाला रानाचे जेवढे ज्ञान असते तेवढे कुठल्याही सल्लागाराला नसते, आणि आजवरच्या एकाही दूध योजनेत त्याच्यासाठी जागा नव्हती. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले ते आरक्षणाच्या मागणीसाठी आलेले. त्यांचा मूळ धंदा तोवर सुटत चालला होता.

वाचक बाघ नदीच्या कोणत्याही काठचा असो, एवढे एक काम त्याला करता येईल. बालाघाटात असाल तर पटवाऱ्याकडून आपल्या गावचे निस्तारपत्रक मागवा, इकडे असाल तर तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढा. त्यावरचा चराईचा आकडा वाचा, आणि मग सकाळी गुरे सुटायच्या वेळी आखरावर जाऊन ढोरक्याला विचारा, की यातली किती जमीन त्याला ठाऊक आहे.